नागपूरकर भोसल्यांचे राज्य : उदय, विस्तार आणि विलय

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेल्या एका मराठी राज्याचा कारभार नागपुरातून चालत असे. वैनगंगेकाठची तलावांची गावे, चांद्याची जंगले, छत्तीसगडचे भाताचे मैदान, महानदीचे खोरे आणि बालेश्वरचा किनारा एवढा मोठा मुलूख या एका शहराशी बांधला गेला होता. असे असूनही मराठ्यांच्या इतिहासाचे प्रचलित कथन पुणे आणि सातारा यांच्याभोवतीच फिरते, आणि बंगालच्या स्वाऱ्या, आडगावची लढाई, सीताबर्डीचा संग्राम अशा मोजक्या प्रसंगी नागपूरकर भोसले त्या कथनात डोकावून जातात. या प्रसंगांना जोडणारे सूत्र त्यामुळे दृष्टीआड राहते आणि एक स्वतंत्र राज्य उदयाला कसे आले, शंभर-सव्वाशे वर्षे कसे टिकले आणि अखेर एका आज्ञापत्राने कसे संपले, हा प्रश्न नीट विचारलाच जात नाही. तो प्रश्न पुढे ठेवणे आणि त्याच्या उत्तराची दिशा दाखवणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

ती दिशा थोडक्यात अशी मांडता येईल. नागपूरचे राज्य भोसल्यांनी तलवारीने मिळवले, परंतु ते कधीही केवळ स्वतःच्या नावाने चालवले नाही. त्यांच्या अधिकाराला तीन आधार होते. पहिला आधार साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेल्या पदाचा, दुसरा देवगडच्या गोंड राजाच्या गादीचा आणि तिसरा मोगल सुभ्यांतून चौथ वसूल करण्याच्या हक्काचा. चौथ म्हणजे एखाद्या मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. १७१९ साली मोगल बादशाहीने दक्षिणेच्या सहा सुभ्यांपुरता हा हक्क सनदेने मान्य केला होता, आणि मराठा सरदारांनी तो पुढे सनदेबाहेरच्या प्रांतांवरही बजावला. दुसऱ्याकडून आलेल्या अशा अधिकारामुळे राज्याची वाढ वेगाने झाली, कारण प्रत्येक नव्या प्रांतात नवे सिंहासन मांडण्याची गरज पडली नाही. त्याच अधिकारामुळे ते मोडणेही सोपे झाले, कारण आधार देणारे हात दुबळे झाल्यावर किंवा बदलल्यावर राज्याला स्वतःच्या बळावर उभे राहण्याची जागा उरली नाही.

भोसल्यांच्या आधीचे नागपूर समजून घेतल्याखेरीज ही गोष्ट सुरूच होत नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, देवगड हे गोंड राजांचे ठाणे होते आणि तेथील राजा जाटबा याचा उल्लेख अकबराच्या काळातील ऐन-इ-अकबरीत येतो. या घराण्यातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारून आपली गादी परत मिळवली, आणि अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी नाग नदीच्या काठावरील लहान वाड्यांची मिळून नागपूरची वस्ती वसवली. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी डोंगरातून या मैदानी वस्तीत आणली, तिला तट आणि वेशी दिल्या, आणि ज्याला आज शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतात तो जलाशय त्याच्याच काळातला मानला जातो. नागपूर हे मराठी राज्याचे केंद्र होण्यापूर्वी गोंड राज्याचे शहर होते, आणि पुढच्या साऱ्या राजकारणात ही पूर्वपीठिका जिवंत राहिली.

भोसल्यांचे हे घराणे मूळचे पुणे प्रांतातील हिंगणी येथले. म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले असेही म्हणतात. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांना जे सरदार आरंभीच येऊन मिळाले त्यांत परसोजी भोसले अग्रभागी होते, आणि या निष्ठेचे फळ म्हणून त्यांना सेनासाहेबसुभा हे पद आणि वऱ्हाड-गोंडवनाकडील वसुलीचे हक्क मिळाले. परसोजींचे पुत्र कान्होजी यांच्यावर पुढे शाहूंची इतराजी झाली, त्यांना आवरण्याचे काम त्याच घराण्यातील रघुजींवर सोपवले गेले आणि ते पार पाडल्यावर सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे रघुजींकडे आली. वस्त्रे देणे म्हणजे पदाची अधिकृत मान्यता देणे होय. हे पद वंशपरंपरेने चालत असले तरी प्रत्येक नव्या वारसाला ती वस्त्रे वरून मिळवावी लागत, आणि घराण्याच्या पुढच्या अनेक संकटांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

रघुजींना नागपुरात प्रवेश मिळाला तो आक्रमणाने नव्हे, आमंत्रणाने. १७३० च्या दशकात चांद सुलतान मरण पावल्यावर त्याच घराण्यातील वलीशहाने गादी बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडात असलेल्या रघुजींची मदत मागितली. रघुजींनी वलीशहाचा पाडाव करून बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या चांद सुलतानाच्या मुलांना गादीवर बसवले आणि मदतीच्या बदल्यात राज्याच्या उत्पन्नात वाटा घेतला. पुढे या दोघा भावांत तेढ वाढली, रघुजी पुन्हा मध्यस्थ म्हणून आले आणि १७४३ साली राज्याचा प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती गेला. परंतु बुऱ्हाणशहाला पदच्युत करण्यात आले नाही. त्याला राजा हा मान, नेमणूक आणि नागपुरातील निवास कायम ठेवून भोसले त्याच्या नावाने राज्य करीत राहिले, आणि भोसले गादीवर बसताना गोंड राजाने टिळा लावण्याची रीतही चालत राहिली. मोगलांच्या दृष्टीने मराठा सरदार हा उपरा होता, तर गोंड राजा दिल्लीने मान्य केलेला होता. त्यामुळे त्याच्या नावाचे छत्र रघुजींना मोलाचे वाटले. १७५१ साली चांद्याचे दुसरे गोंड राज्यही भोसल्यांच्या ताब्यात आले.

याच काळात रघुजींच्या फौजा दोन दूरच्या दिशांना निघाल्या होत्या. १७४० साली त्यांनी कर्नाटकाच्या स्वारीत दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नबाब दोस्त अली याचा पराभव केला, त्या लढाईत नबाब ठार झाला, आणि १७४१ साली त्रिचनापल्ली घेऊन नबाबाचा जावई चंदासाहेब याला कैद केले. पूर्वेकडे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहय राजाला नमवून छत्तीसगडचा मार्ग मोकळा केला आणि १७४२ साली ते बंगालमध्ये उतरले. या फौजेत बारगीर मोठ्या संख्येने होते. स्वतःचा घोडा आणि शस्त्र घेऊन येणारा स्वार तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. बंगालमध्ये याच शब्दावरून स्वाऱ्यांना बर्गी हे नाव पडले. कलकत्त्याच्या इंग्रजांनी संरक्षणासाठी खणलेला मराठा खंदक आणि गंगाराम या बंगाली कवीने रचलेले महाराष्ट्र पुराण हे काव्य या दहशतीचे साक्षीदार आहेत. गावे जाळली गेली, पिके बुडाली, विणकरांची पेठ उठली. मराठी वाचकाने आपल्या पराक्रमाचा अभिमान बाळगताना या दुःखाची नोंद तितक्याच सरळपणे घेतली पाहिजे, कारण ज्यांच्या घरांवरून फौजा गेल्या त्यांच्या आठवणीवाचून या राज्याचा इतिहास अर्धाच राहतो.

बंगालचा प्रश्न मराठा मंडळाच्या आतही पेटला. नबाब अलिवर्दीखानाच्या मदतीला १७४३ साली खुद्द पेशवे नानासाहेब फौज घेऊन आले, आणि छत्रपतींनी मध्ये पडून बंगाल, बिहार व ओडिशा हे रघुजींचे क्षेत्र ठरवून दिले तेव्हाच हा कलह थांबला. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १७४४ रोजी, अलिवर्दीखानाने तहाच्या बोलणीसाठी भास्कररामांना मनकरा येथे बोलावून अनेक सरदारांसह त्यांची हत्या केली. रघुजींनी या घाताचा सूड म्हणून युद्ध सात वर्षे चालू ठेवले, आणि १७५१ च्या तहात बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतच्या ओडिशाचे उत्पन्न मिळवले. हा तह रघुजींच्या कर्तृत्वाचा कळस होय. ओडिशा त्यानंतर १८०३ पर्यंत भोसल्यांकडे राहिला. शिवभट साठे यांच्यासारख्या सुभेदारांनी तेथील कारभार पाहिला, जगन्नाथपुरीच्या देवस्थानाची व्यवस्था लावली गेली, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे उभा राहिला तो याच मराठा काळात. कटकपासून रायपूर-बिलासपूरपर्यंत स्थिरावलेली मराठी कुटुंबे ही या अंमलाची जिवंत खूण आहे.

अशा राज्याची घडण समजण्यास जगाच्या इतिहासातील एक समांतर उदाहरण उपयोगी पडते. अकराव्या शतकात फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीतून ओतव्हिल नावाच्या एका सामान्य सरदार घराण्याचे भाऊ दक्षिण इटलीत भाडोत्री स्वार म्हणून आले, दुसऱ्यांच्या भांडणात उतरता उतरता मुलुखाचे धनी झाले, आणि १०६१ ते १०९१ या तीस वर्षांत त्यांनी सिसिली बेट अरब अमीरांकडून जिंकून घेतले. तेथेही परक्या विजेत्यांनी जुनी घडी मोडली नाही. दुसऱ्या रॉजरच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषांत फर्माने निघत आणि अल्-इद्रिसी या अरब भूगोलज्ञाने त्याच राजासाठी आपला ग्रंथ सिद्ध केला. १७४० च्या नागपुरात आणि रॉजरच्या राजधानी पालेर्मोत साम्य आहे ते एवढे, की लहान लढाऊ घराण्याने आपल्याहून जुन्या व्यवस्थेवर स्वार होऊन तिलाच आपले साधन केले. भेद मात्र निर्णायक आहे. रॉजरने ११३० साली पालेर्मोत राज्याभिषेक करून घेतला आणि तो स्वतःच्या नावाने राजा झाला. रघुजी आणि त्यांचे वारस शेवटपर्यंत सेनासाहेबसुभाच राहिले. सिसिलीचे नॉर्मन राज्यही टिकले नाही. ११८९ साली दुसरा विल्यम निपुत्रिक वारला, ११९४ साली जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीने पत्नीच्या वारसाहक्काने गादी घेतली आणि पालेर्मोचा खजिना आल्प्सपलीकडे गेला. परंतु तेथे नवा सम्राट त्याच सिंहासनावर बसला आणि सिसिलीचे राज्य हे नाव शतकानुशतके चालू राहिले. नागपूरचे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण राज्याच्या मूळ घडणीत सापडते.

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघुजींचा मृत्यू झाला आणि वारसाचा प्रश्न उभा राहताच वस्त्रांचे राजकारण सुरू झाले. थोरले पुत्र जानोजी यांना सेनासाहेबसुभा आणि धाकटे मुधोजी यांना सेनाधुरंधर ही पदे देऊन पुण्याने घराण्यात तोल राखला. तोल राखणारा हात मात्र पेशव्यांचा होता. जानोजींनी या दडपणातून सुटण्यासाठी कधी निजामाची, कधी पुण्याची बाजू घेतली. १७६३ साली त्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी पुणे लुटले, आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईच्या वेळी ते पुन्हा पेशव्यांकडे आले. त्यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे यांची गणना मराठी राजकारणातील साडेतीन शहाण्यांत होते, पण अशा कसरतीची किंमत राजधानीला मोजावी लागली. १७६५ साली माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी नागपूर लुटून जाळले, आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहाने परराज्यांशी स्वतंत्र बोलणी करण्याचे भोसल्यांचे स्वातंत्र्य बांधले गेले. १७७२ साली जानोजी निपुत्रिक वारले तेव्हा मुधोजी आणि साबाजी हे भाऊ समोरासमोर आले, आणि १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. घराण्यातील रक्त सांडले गेले ते प्रत्यक्ष सत्तेइतकेच त्या सत्तेला मान्यता देणाऱ्या पदासाठी.

मुधोजींचे पुत्र आणि जानोजींचे दत्तक असलेल्या दुसऱ्या रघुजींच्या काळात राज्य विस्ताराने सर्वांत मोठे झाले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतर काही वर्षांतच होशंगाबाद आणि गढा-मंडला हे प्रदेश त्यात आले. पण नकाशावरील हा विस्तार फसवा होता, कारण प्लासीनंतर बंगाल इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता, चौथाईचा प्रवाह आटला होता, आणि कंपनीच्या कलकत्ता व मद्रास या दोन इलाख्यांमधली किनारपट्टी नेमकी भोसल्यांच्या ताब्यात होती. ओडिशावर इंग्रजांची नजर होती ती या भूगोलामुळे. १८०३ च्या युद्धात २३ सप्टेंबरला असईची, २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. तत्पूर्वीच ऑक्टोबरमध्ये कटकचा बाराबती किल्ला कंपनीने घेतला होता. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक-बालेश्वर कंपनीकडे आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. वऱ्हाडात तोवर दुअमली चालत होती, म्हणजे एकाच मुलखात निजाम आणि भोसले या दोघांचाही वसूल निघत असे. ती व्यवस्था या तहाने संपली. रघुजींचे राज्य समुद्रापासून तोडले गेले आणि दरबारात कंपनीचा रेसिडेंट कायमचा येऊन बसला.

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी वारल्यावर त्यांचे दुबळे पुत्र परसोजी यांच्या नावाने कारभार घेतलेल्या मुधोजी उर्फ आप्पासाहेबांनी दोनच महिन्यांत तैनाती फौजेचा करार केला. तैनाती फौज म्हणजे राजाच्या खर्चाने ठेवलेली, पण कंपनीच्या हुकमातली फौज; तिला थारा देणाऱ्या राज्याचे परराष्ट्र धोरण आपोआप कंपनीच्या हाती जात असे. मान्यता देणारा हात आता पुण्याहून कलकत्त्याकडे सरकला होता. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला, आप्पासाहेब गादीवर आले, आणि पेशव्यांनी पाठवलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे त्यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर दरबारात स्वीकारली तेव्हा त्याचा अर्थ रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने अचूक ओळखला. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली, भोसल्यांची मोठी फौज कंपनीच्या लहान तुकडीला हटवू शकली नाही, आणि १६ डिसेंबरच्या दुसऱ्या लढाईनंतर शहरही पडले. अरब शिपायांनी मात्र वाड्याभोवतीचा भाग महिनाअखेरपर्यंत लढवला. कैदेत प्रयागकडे नेले जात असताना आप्पासाहेब निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने त्यांनी पुढील झुंज दिली. ज्या गोंडांच्या गादीच्या नावाने हे राज्य उभे राहिले होते, त्यांनीच त्याच्या अखेरच्या लढवय्या राजाला आसरा दिला. आप्पासाहेबांचा शेवट १८४० साली जोधपूरच्या आश्रयात झाला.

त्यानंतर जे नागपूरचे राज्य उरले ते कंपनीने पुन्हा उभे केलेले राज्य होते. अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने जेंकिन्सने कारभार पाहिला, १८२७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा मुलखाविषयीचा अहवाल आजही अभ्यासकांना अपरिहार्य आहे, आणि १८२६ च्या तहात साताऱ्याशी असलेल्या जुन्या नात्यावरही राजाला पाणी सोडावे लागले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. राजघराण्याने यशवंतराव यांना जानोजी या नावाने दत्तक घेण्याचे ठरवले, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मान्य केले नाही. १८१८ साली हे राज्य कंपनीने जिंकून रघुजींना नव्याने बहाल केले होते, म्हणून औरस वारसाच्या अभावी ते देणाऱ्याकडे परत येते, असा त्याचा युक्तिवाद होता. विदर्भाच्या कापसाची इंग्लंडच्या गिरण्यांना असलेली गरजही त्याच्या टिपणात उघडपणे नमूद आहे. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, म्हणजे थेट कंपनी सरकारच्या अमलाखाली आले. वाड्यातील जडजवाहीर, हत्ती आणि घोडे लिलावात निघाले. दत्तक नंतर मान्य झाला आणि जानोजींना साताऱ्याजवळच्या देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला, पण राज्य परत आले नाही. सिसिलीच्या सिंहासनाला स्वतःचे नाव होते. नागपूरच्या गादीचे साताऱ्याशी असलेले नाते तहाने तोडले गेले होते, १८४८ मध्ये साताराच खालसा झाला होता, आणि शेवटचा मान्यता देणारा हातच तिचा विलय करणारा ठरला.

हे राज्य गेले तरी नागपुरावरचा त्याचा ठसा गेला नाही. महाल ही वस्ती, तेलंगखेडी आणि सोनेगावचे तलाव, तुळशीबाग, सक्करदरा, रामटेकच्या गडमंदिराला मिळालेला आश्रय आणि कोष्टी विणकरांची काठपदराची परंपरा यांत तो दिसतो. लोकस्मृतीचा न्याय कधी कठोरही असतो. दुसऱ्या रघुजींची विधवा बाकाबाई यांनी १८५७ साली घराण्याला उठावापासून दूर ठेवले, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत त्यांच्या निषेधासाठी असल्याची समजूत नागपुरात रूढ आहे. खालसा झालेल्या वाड्यात वृद्ध स्त्रीपुढे कोणते पर्याय शिल्लक होते, याचा विचार इतिहासकाराने तरी केला पाहिजे. पहिल्या रघुजींची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन मायदेशी आणली. तिचे स्वागत मनापासून झाले ते योग्यच, पण वस्तू परत येण्याबरोबर तिच्या काळाचे आकलनही परत यायला हवे.

ते आकलन एका भाषेच्या कागदांवर उभे राहू शकत नाही. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर आणि यादव माधव काळे यांचे नागपूर प्रांताच्या इतिहासावरील काम हा मराठीतील भक्कम पाया आहे. त्यावर पुढची इमारत उभारायची तर फारसी अखबार, कंपनीचे दप्तर, ओडिया देवस्थानांचे लेख, बंगाली काव्य आणि गोंड समाजाची मौखिक परंपरा ही सारी साधने एकत्र वाचावी लागतील, कारण या राज्याच्या अधिकाराचा उगम जसा अनेकांकडे होता, तसेच त्याचे परिणामही अनेकांनी भोगले. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास हा मराठ्यांच्या इतिहासातील एक शाखा आहे, त्याचबरोबर तो गोंडवनाचा, छत्तीसगडचा आणि ओडिशाचाही इतिहास आहे. लढाया जिंकून मिळालेल्या सत्तेला स्वतःच्या नावाचा, नियमाचा आणि प्रजेच्या संमतीचा आधार वेळीच मिळाला नाही, तर तिचे भवितव्य मान्यता देणाऱ्याच्या मर्जीवर राहते, हा या राज्याच्या उदयास्ताचा अर्थ आहे, आणि त्या अर्थासाठी हा विषय आज नव्या सहानुभूतीने व नव्या कठोरपणाने अभ्यासला जाण्यास पात्र आहे.